खनिज संग्राहक मंडळात पद घ्यायचं असेल तर

खनिजं जमवणाऱ्यांच्या मंडळाकडे पैसा फारसा नसतो. वर्गणी, वर्षाकाठी एखादं प्रदर्शन, दोन-चार देणग्या, एवढ्यावर वर्ष निघतं. मंडळाची खरी मिळकत म्हणजे दगडखाणीच्या मालकांचा आणि मुकादमांचा विश्वास, आणि नमुन्यांबरोबरची लेबलं. विश्वास गेला की फील्डला जाणं बंद होतं. लेबलं हरवली की कपाटभर नमुन्यांचे नुसते देखणे दगड उरतात. ही मिळकत नीट सांभाळणाऱ्या सभासदाकडे लोक पदासाठी आपणहून बघू लागतात; सर्वसाधारण सभेतलं मतदान त्यावर शिक्का मारतं. म्हणून पदाची इच्छा असेल तर निवडणुकीच्या निदान वर्षभर आधी कामाला लागा.

पुढचं जवळजवळ सगळं महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या मंडळांना धरून आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत सापडणारी अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही खनिजं जगभरच्या संग्रहांत मानानं ठेवली जातात. वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटला तर तोड नाही. एवढा ठेवा दाराशी असताना मंडळाचा कारभार ढिसाळ असू नये.

कोणतं पद मागायचं

अध्यक्षपद सगळ्यांना दिसतं, पण मंडळ चालतं ते कार्यवाह, खजिनदार, सहलप्रमुख आणि संग्रहपाल यांच्यावर. कार्यवाहाला दर आठवड्याला तीन-चार तास लागतात: सभेची सूचना, इतिवृत्त, पत्रव्यवहार, सभासदांची यादी. खजिनदाराचं काम महिन्याला दोन संध्याकाळींत होतं, मात्र एप्रिल ते सप्टेंबर लेखापरीक्षणामुळे ते वाढतं. सहलप्रमुखाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संग्रहपालाचं खरं काम पावसाळ्यात, बाहेर जाता येत नाही तेव्हा.

आपल्याकडे कोणते महिने मोकळे आहेत ते बघून पद निवडा. शाळेत शिकवणाऱ्या माणसानं मार्चअखेरीची जबाबदारी अंगावर घेतली, की परीक्षा आणि हिशेब एकाच वेळी येतात आणि बहुतेक वेळा हिशेबच मागे पडतो.

खनिजांचा व्यापार करणाऱ्या सभासदाला पद देऊ नये असं काही मंडळांत मानतात. आमच्या मते ते योग्य नाही. ठिकाणांची आणि भावांची सर्वांत पक्की माहिती त्यांच्याकडेच असते. फक्त त्यांनी आपला व्यवसाय लेखी जाहीर करावा, आणि मंडळाच्या खरेदी-विक्रीच्या ठरावावर मत देऊ नये. हे दोन नियम घटनेत नसतील तर कार्यकारिणीच्या ठरावानं आणा.

आधी घटना वाचा

कार्यवाहाकडून मंडळाची घटना आणि नियमावली मागून घ्या. सभासदाला ती मागता येते. वाचताना चार गोष्टी टिपून ठेवा: उमेदवाराचं सभासदत्व किती काळाचं असावं, वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरलेली असावी, सभेची सूचना किती दिवस आधी हवी, आणि गणपूर्ती किती. निवडणुकीच्या दिवशी ‘यांची वर्गणी थकली आहे’ असा आक्षेप येऊन चांगला उमेदवार बाद होतो, हे वारंवार घडतं. पावती जपून ठेवा.

पीटीआर उतारा, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, हाही बघा. त्यात विश्वस्त म्हणून आजही कोणाची नावं आहेत ते कळतं. जुन्या कार्यकारिणीचे बदल कित्येक वर्षं नोंदवलेलेच नाहीत, असं आढळलं तर निवडून आल्यावर आधी ते राहिलेले बदल ओळीनं नोंदवून घ्यावे लागतील. हे निवडणुकीआधी कळलेलं बरं.

सहल: इथेच माणूस पारखला जातो

सहलप्रमुख व्हायचं असेल तर आधी दोन सहलींत शेवटच्या माणसाचं काम मागून घ्या. शेवटचा माणूस म्हणजे सर्वांच्या मागे राहून डोकी मोजणारा. खाणीत शिरताना, जेवणाच्या वेळी आणि निघताना, तीनदा मोजणी. आठ सभासदांमागे एक जबाबदार माणूस आणि एका खेपेला सोळाहून जास्त नाहीत, हे प्रमाण सांभाळा. त्याहून मोठा गट झाला की कोणीतरी शेजारच्या खाणीत शिरतं, आणि तिथली परवानगी आपल्याकडे नसते.

परवानगी लेखी घ्या. पत्रात तारीख, येण्या-जाण्याची वेळ, सभासदांची नावं, गाड्यांचे क्रमांक, बरोबर कोणती हत्यारं आहेत आणि सुरक्षेचं कोणतं साहित्य आहे, हे लिहा. सापडलेला मोठा नमुना मालकाला दाखवूनच बाहेर नेऊ, हेही लिहा. दोन प्रती काढा, एकीवर मालकाची सही-शिक्का घ्या आणि ती प्रत सहलीत खिशात असू द्या. खाण भाडेपट्ट्यानं दुसऱ्याकडे गेलेली असते आणि जुन्या मालकाची तोंडी परवानगी घेऊन लोक फाटकापाशी पोचतात. रखवालदार परत पाठवतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आदल्या संध्याकाळी मुकादमाला फोन करून विचारा: सुरुंग कधी लावणार, क्रशर चालू असेल का, कोणत्या बाजूचा कडा नुकताच उडवला आहे. रविवारी क्रशर बंद असेल तर तो दिवस उत्तम. नुकत्याच उडवलेल्या कड्याजवळ मुकादमानं हिरवा कंदील दिल्याशिवाय कोणी जायचं नाही.

सुरुंग वापरणारी खाण कामगार-सुरक्षेच्या कायद्याखाली येते, आणि काम चालू असलेल्या खाणीत १८ वर्षांखालच्या कोणालाही नेऊ नये. ‘माझा मुलगा शहाणा आहे, एका कडेला उभा राहील’ असा आग्रह प्रत्येक सहलीला होतो. तिथे नाही म्हणणं हे सहलप्रमुखाचं काम. मुलांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवा. नव्या विहिरीच्या बाहेर टाकलेल्या दगडांचा ढीग, शेतकऱ्याची परवानगी घेऊन, मुलांना अप्रतिम असतो. विहीर मांजऱ्या खडकातून, म्हणजे पोकळ्या-पोकळ्यांच्या बेसाल्टमधून, गेली असेल तर पांढऱ्या झिओलाइटनं (स्टिल्बाइट, स्कोलेसाइट यांच्या गटातल्या खनिजांनी) भरलेल्या पोकळ्या मुलांच्या हाती लागतात, आणि डोक्यावर कडाही नसतो. विहिरीच्या काठापासून मात्र दोरी बांधून सर्वांना लांब ठेवा.

अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित स्मारकांचे परिसर यांतून दगड उचलायचा नाही. लोणारला सहल न्या, सरोवर दाखवा, पण हातोडा गाडीतच राहू दे.

साहित्यात तडजोड नको. प्रत्येकाला शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा, पुढे पोलाद असलेले बूट, हातमोजे, चमकणारं जाकीट आणि तीन लिटर पाणी. बेसाल्टची कपची सुरीसारखी धारदार उडते, म्हणून चष्म्याशिवाय हातोडा उचलू द्यायचा नाही. एका हातोड्यावर दुसऱ्या हातोड्यानं ठोकायचं नाही, कारण दोन्हींचं पोलाद कडक असतं आणि त्याचाच तुकडा उडतो. मध्ये छिन्नी हवी. कड्याच्या पायथ्याशी कोणी बसायचं नाही. भिंत जेवढी उंच, निदान तेवढं अंतर ठेवा. दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर दिसला तर जास्त जपा: तो थर मऊ असतो, झिरपणाऱ्या पाण्यानं तो सुटतो आणि वरचा दगड खाली येतो. याच कारणासाठी जून ते सप्टेंबर खाणीत सहल नेऊ नये, आणि ऑक्टोबरातही खाणीत तुंबलेल्या पाण्यापासून गट दूर ठेवावा.

ढिगाऱ्यात रंगीत वायरचा तुकडा किंवा काडतुसाचा कागद दिसला तर तो न उडालेला सुरुंग समजा. हात लावायचा नाही, फोटो काढायला जवळ जायचं नाही. सर्वांना मागे घ्या, मुकादमाला सांगा, आणि त्या दिवसाची सहल संपवा.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते पैशानं. एखादा सभासद कामगाराला बाजूला घेऊन नोटा पुढे करतो आणि कड्यातली पोकळी फोडून मागतो. कामगार हातचं काम सोडून धोक्याच्या जागी चढतो. काही बरंवाईट झालं तर जबाबदारी खाणवाल्यावर येते. मालकाला हे कळलं की फाटक कायमचं बंद, आणि एका खाणीतली बातमी पंचक्रोशीतल्या सगळ्या खाणींत पोचते. नियम स्पष्ट ठेवा: सहलीत कामगाराशी कोणताही व्यवहार नाही. कामगारांनी आधीच काढून ठेवलेलं काही विकत घ्यायचं असेल तर मालकासमोर, मंडळाच्या नावे, पावती करून. आणि सहलप्रमुखानं आपल्यासाठी नमुना सर्वांत शेवटी निवडायचा. हा एक नियम पाळणाऱ्या माणसाबद्दल कुरबूर होत नाही.

सहलीनंतर आठवड्याच्या आत मालकाला आभाराचं पत्र आणि नमुन्यांचे दोन-तीन चांगले फोटो पाठवा, शक्य झालं तर एक स्वच्छ केलेला, लेबल लावलेला नमुनाही. पुढच्या वर्षीची परवानगी तिथेच मिळते.

संग्रह: लेबल हाच नमुन्याचा प्राण

संग्रहपालाच्या पदासाठी एक कप्पा मागून घ्या. सगळं कपाट नको, एकच कप्पा. त्यातल्या तीस-चाळीस नमुन्यांची नोंद पूर्ण करून कार्यकारिणीला दाखवा. कोणत्याही भाषणापेक्षा हे जास्त बोलतं.

नोंदीत क्रमांक, खनिज, ठिकाण, मिळाल्याची तारीख, कोणी काढलं किंवा कोणाकडून आलं, मिलिमीटरमध्ये माप, वजन आणि फोटो एवढं हवंच. क्रमांक वर्ष आणि अनुक्रम असा द्या, म्हणजे २०२५-०४७. खनिजाच्या नावावरून क्रमांक देऊ नका, कारण ओळख पुढे बदलू शकते. कॅव्हन्साइट आणि पेंटॅगोनाइट यांची रासायनिक घडण एकच, फक्त स्फटिकरचना वेगळी. पहिल्या नजरेत फसगत होते.

ठिकाण लिहिताना हात आखडू नका. ‘पुणे’ म्हणजे काहीच नाही. ‘वाघोली, ता. हवेली, जि. पुणे’ हे बरं, त्याला खाणीचं नाव, गट क्रमांक आणि फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश जोडले तर उत्तम. जुनी लेबलं कधीही फेकू नका, त्यावरचं लिखाण दुरुस्तही करू नका. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं हिरवं अपोफिलाइट असेल तर जुन्या लेबलावर ‘अहमदनगर’ असेल. ते तसंच राहू द्या आणि आपल्या नोंदीत ‘जि. अहिल्यानगर’ लिहून जुनं नाव पुढे द्या. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर यांचंही तसंच. कांदिवलीच्या प्रेहनाइटसारखे नमुने ज्या खाणींतून आले तिथे आज शहर वसलं आहे, त्यामुळे कागद गेला तर ती माहिती पुन्हा मिळायची नाही. विक्रेत्यानं सांगितलेल्या ठिकाणाची खात्री नसेल तर ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ असं लिहा. तिथे अंदाजानं गावाचं नाव घातलं की पुढचा प्रत्येक जण त्यालाच खरं मानतो.

क्रमांक नमुन्यावरही हवा, नुसता खोक्यावर नको. प्रदर्शनात खोकी हमखास बदलतात. मागच्या बाजूला, स्फटिकांपासून दूर, काळ्या दगडावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा (हे एक पारदर्शक ॲक्रिलिक रेझिन) नखाएवढा थर द्या. वाळल्यावर त्यावर पांढऱ्या रंगानं बारीक क्रमांक लिहा आणि वर पुन्हा एक पातळ थर. हे ॲसिटोननं निघतं, म्हणून नमुन्याचं कायमचं नुकसान होत नाही. चिकटपट्टी वापरू नका. दोन पावसाळ्यांत ती सुटते आणि डिंक मागे राहतो.

साफसफाईत सर्वांत जास्त नमुने मरतात. कॅल्साइट काढायला म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की स्कोलेसाइट आणि मेसोलाइट यांची लापशी होते, अपोफिलाइटची चकाकी जाते. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा. गरम पाणी नको: अपोफिलाइटच्या अंगात पाणी असतं आणि ते एकाच दिशेनं सहज चिरतं, तापमान एकदम बदललं की पापुद्रे सुटतात. ध्वनिलहरींनी धुण्याच्या यंत्रात कॅव्हन्साइट घालू नका, निळे गोळे स्टिल्बाइटवरून गळून पडतात. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे तर धुवायचे नाहीत, त्यांना बोटही लावायचं नाही; तंतू एकदा चिकटून बसले की पुन्हा उभे राहत नाहीत. असा नमुना कागदात न गुंडाळता खोक्याच्या तळाला पक्का बसवून न्या. लॉमोन्टाइट कोरड्या हवेत पाणी गमावून पिठासारखं भुरभुरतं, म्हणून ते हवाबंद डबीत वेगळं ठेवा. उलट बाहेरून आलेलं पायराइट दमट हवेत कुजतं आणि त्यातून निघणारं आम्ल शेजारचं लेबल खातं. त्याच्या डबीत सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. जांभळी गारगोटी खिडकीजवळ मांडू नका, उन्हानं रंग उडतो.

प्रदर्शनात अंधारी खोली करायची असेल तर नाशिकच्या पांडवलेणी परिसरातलं पॉवेलाइट ठेवा. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ते पिवळसर उजळतं. दिवा आणि नमुना दोन्ही एकाच काचेच्या पेटीत असू द्या. लहान मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर उघडा दिवा लावू नये.

खजिनदार

हे पद मागणारे कमी, म्हणून मिळायला सोपं. कीर्द, खतावणी, क्रमांक घातलेली पावतीपुस्तकं, प्रत्येक खर्चाला व्हाउचर आणि दर महिन्याला बँकेच्या पासबुकाशी जुळवणी, एवढं सांभाळलं की बाकी सोपं. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि लेखापरीक्षकाचा अहवाल सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात जायला हवा.

खनिजांच्या मंडळाला एक खास धोका आहे. परदेशी संग्राहक आपल्या झिओलाइटच्या प्रेमात असतात आणि आनंदानं देणगी देऊ करतात. एफसीआरए, २०१० म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही, रक्कम शंभर डॉलर असली तरी. सभासदाच्या वैयक्तिक खात्यावर घेऊन मंडळात जमा करणं तर मुळीच नको. नम्रपणे नाही म्हणा आणि त्याऐवजी एखादं व्याख्यान द्यायला सांगा.

निवडणूक

सहा आठवडे आधी मावळत्या पदाधिकाऱ्याशी बोला. त्यांना पुन्हा उभं राहायचं असेल तर सहायक म्हणून वर्षभर काम करायची तयारी दाखवा. छोट्या मंडळात जुन्या माणसाला दुखावून मिळवलेलं पद टिकत नाही. सूचक आणि अनुमोदक दोन वेगवेगळ्या गटांतले घ्या, एक जुनाजाणता आणि एक नवा. अर्जासोबत एका पानावर तीन कामं लिहा, प्रत्येकापुढे खर्च आणि महिना. ‘डिसेंबरअखेर १५० नमुन्यांची नोंद, खर्च ३,००० रुपये’ असं वाक्य लोकांच्या लक्षात राहतं. संग्रहालय उभारण्याची घोषणा करू नका. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाला सर्वांची सहल न्यायचं ठरवा, ते होण्यासारखं आहे.

सभेची सूचना मिळाल्याची पोच प्रत्येकाकडून आली आहे ना, हे कार्यवाहाला विचारा. बिनविरोध निवड झाली तरी सूचना, उपस्थितीच्या सह्या, सूचक-अनुमोदकांच्या नावासह ठराव आणि तुमचं संमतीपत्र, हे सारं लागतं. पुढे हरकत आली की याच कागदांवर सगळं ठरतं.

निवडून आल्यावर

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत द्यायची असते. विश्वस्तांतला बदल महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत कळवायचा असतो. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. सोबत सभेची सूचना, इतिवृत्ताचा उतारा, संमतीपत्रं, जुन्यांचे लेखी राजीनामे आणि प्रतिज्ञापत्र जोडा. तोंडी राजीनामा इथे चालत नाही. मुदत चुकली तर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि प्रकरण लांबतं.

बँकेतल्या सह्या बदलायला ठरावाची प्रत, नव्या सहीदारांची ओळखपत्रं आणि पीटीआर उतारा लागतो. ते होईपर्यंत जुन्या सहीदारांपैकी एकाला गाव सोडू नका म्हणावं लागलं तरी म्हणा, नाहीतर हॉलचं भाडं द्यायलाही चेक निघत नाही.

परदेशात स्थायिक होऊन तिथल्या मंडळात पद घेणाऱ्यांनी स्थानिक कायद्याचा असाच तक्ता करावा. अमेरिकेत करमाफी मिळालेल्या आणि वर्षाची एकूण जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या क्लबला दरवर्षी ९९०-एन हे छोटं विवरण भरावं लागतं. ओळीनं तीन वर्षं राहिलं की करमाफी आपोआप रद्द होते. पदाधिकारी बदलताना हेच नेमकं विसरलं जातं.

ताबा घेताना कपाट उघडून जुन्या आणि नव्या संग्रहपालांनी एकत्र मोजणी करावी, नोंदवहीशी ताडून, आणि यादीच्या प्रत्येक पानावर दोघांनी सह्या कराव्यात. न सापडलेल्या नमुन्यांपुढे ‘आढळला नाही’ असं त्याच दिवशी लिहा. महिन्यानं लिहिलं तर तो तुमच्या काळात हरवला असं होतं. सहलप्रमुखानं खाणमालकांच्या फोन नंबरांची वही नुसती हाती घेऊ नये. मावळत्या सहलप्रमुखाला बरोबर घेऊन प्रत्येक खाणीवर जावं, मालकाला आणि मुकादमाला समोरासमोर भेटावं, आणि पुढची सहल कधी हे त्यांनाच विचारून ठरवावं.